एकशेनऊचा डबा आणि बंपरामागचा चिखल

तक्रार दोन वाक्यांची होती. "मामा, चेक इंजिन लाइट लागलाय आणि गाडी चढाला दम टाकतेय. मी काहीही केलेलं नाहीये." यातलं दुसरं वाक्य मी टेस्ट बेडवरच्या, म्हणजे इंजिनं तपासण्याच्या, नोकरीत पंचवीस वर्षं ऐकलं. ज्या इंजिनाला कुणी काही केलेलं नसतं, ते सहसा माझ्यापर्यंत येत नाही.

गाडी भाच्याची. एक लिटरची, तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल हॅचबॅक, हाताचे गिअर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या प्रकरणात तिची काही चूक नाही. कारखान्यातून निघाली तेव्हा ११० पीएसची (पीएस म्हणजे अश्वशक्तीचं माप). वर्षभरापूर्वी त्याने तिचा ‘स्टेज वन’ करून घेतला, म्हणजे ईसीयूमधला (इंजिन चालवणाऱ्या संगणकातला) मॅप बदलून बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) आणि टायमिंग (ठिणगी किती आधी पडते ते) वाढवलं. वर एक मोकळा एअर फिल्टर. टर्बो, इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारी जाळी), कॅट (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर), एक्झॉस्ट सगळं मूळचंच. ट्यूनरने दिलेल्या कागदावर १३५ पीएस असं ठळक छापलेलं, आणि खाली बारीक अक्षरात ‘९७ ऑक्टेन किंवा वरचं पेट्रोल वापरावं’. रोजचा रस्ता कोथरूड ते हिंजवडी, व्हाया चांदणी चौक. रविवारी ताम्हिणी नाहीतर वरंधा.

गाडीच्या ओबीडी सॉकेटला दोष वाचणारा स्कॅनर लावला. दोन कोड निघाले. पी ०४२०, म्हणजे कॅटची कार्यक्षमता मर्यादेखाली. आणि पी ०१३३, म्हणजे पुढचा ऑक्सिजन सेन्सर आळशी झालाय. पन्नास हजार किलोमीटरही न झालेल्या गाडीचा कॅट आपण होऊन मरत नाही. आधी एक्झॉस्टची गळती तपासली, नव्हती. मग मागच्या सेन्सरचा आलेख पाहिला. कॅट नीट काम करत असेल तर मागचा सेन्सर जवळजवळ सरळ रेघ काढतो, कारण पुढे होणारे चढउतार कॅट पोटात घेतो. इथे मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करत होता. मधे कुणी घरातच नाही, असा प्रकार.

एव्हाना ट्यूनरकडून भाच्याला सल्ला मिळालेला होता: "तो कोड सॉफ्टवेअरमधून बंद करून टाकू, लाइट येणार नाही." ताप आला म्हणून थर्मामीटर फोडण्यातलाच हा उपाय. तो मी करू दिला नाही.

प्लग काढले. खरं तर इथेच प्रकरण उलगडलं. सिरॅमिकच्या पांढऱ्या भागावर पिवळसर-तपकिरी, काचेसारखा चकचकीत थर. बाटलीतले ऑक्टेन बूस्टर वापरणाऱ्यांच्या प्लगवर बहुतेक वेळा तांबूस-नारिंगी गंज दिसतो, तो त्यातल्या मँगनीज किंवा लोहाच्या संयुगांचा. हा रंग तो नव्हता. हा रंग मी नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत रोज पाहिला होता आणि नंतर पार विसरलो होतो. हा शिशाचा रंग.

"टाकीत काय ओततोस?"

"पेट्रोल."

"आणि?"

मग तो मला ताईच्या बाल्कनीत घेऊन गेला. कढीपत्त्याच्या कुंडीमागे वीस लिटरचा निळा डबा, रिकामा. त्याआधी असे आणखी दोन येऊन गेलेले. ड्रॅग शर्यतींत गाडी पळवणाऱ्या एका मित्राने ‘उरलेलं’ म्हणून दिलेलं रेस फ्युएल. डब्यावर मोठ्या आकड्यात ११६, आणि मागच्या लेबलवर सर्वांत बारीक टायपात दोन सूचना: यात शिसं आहे, रस्त्यावरच्या वाहनांसाठी नाही. त्याने पहिली बाजू वाचली होती.

ताई म्हणाली, "दोन महिने घरात स्पिरिटसारखा वास येतोय. हा म्हणतो रंगाचा आहे. कोणी रंगवलंय घर?"

साठ लिटर, दोन महिन्यांत, साध्या पेट्रोलमध्ये मिसळून. भारतात शिसंयुक्त पेट्रोलची विक्री १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झाली. त्याची कारणं दोन. एक, शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक. दोन, कॅटमधल्या प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियमच्या थरावर ते जाऊन बसतं, आणि एकदा बसलं की वायूला त्या धातूपर्यंत पोचताच येत नाही. ऑक्सिजन सेन्सरचंही तसंच, फक्त तो जरा चिवट. आधी मंदावतो, मग जातो. पीयूसीला ही गाडी त्या महिन्यात गेली असती तर धुराच्या चाचणीत अडकू शकली असती.

बाल्कनीबद्दलही सांगायला हवं. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात विक्रीसाठी नसलेलं अ वर्गाचं पेट्रोलियम परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत ठेवता येतं, हे भाच्याला तोंडपाठ होतं. कायद्याने चालतं म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, गॅसच्या गीझरपासून सहा फुटांवर चालतं, असं होत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती खाली बसते, फरशीवरून सरपटते आणि ठिणगी सापडेपर्यंत जाते. शिवाय हे शिसं टेट्राएथिल लेड या रूपात असतं आणि ते कातडीतूनही शरीरात शिरतं. हा पठ्ठ्या नरसाळं धरून उघड्या हातांनी ओतत होता. त्या संध्याकाळी मी जरा मोठ्या आवाजात बोललो. त्याचा तपशील इथे नको.

कॅट नवा बसला, पुढचा सेन्सर नवा, प्लग नवे, ऑइल आणि फिल्टर बदलले. ऑइल काढताना फिटरला हातमोजे घालायला लावले, तर तो म्हणाला, "साहेब, ऑइलच आहे ना?" सांगितल्यावर त्याने मोज्यांची दुसरी जोडी चढवली. बिल पाच आकडी झालं, तेही वरच्या टोकाचं.

*

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण भाच्याचं म्हणणं पडलं की चूक शिशाची होती, ऑक्टेनची नाही. "मामा, शिसं नसलेलंही मिळतं. १०९ आहे. त्याने कॅटला काही होत नाही. आणि गाडी खरंच चांगली चालत होती रे, मी खोटं नाही सांगत."

हे शेवटचं मी सोडून देऊ शकत नव्हतो, कारण ते खरं असण्याची शक्यता होती.

ऑक्टेन म्हणजे काय ते मी त्याला लक्ष्मी रोडच्या भाषेत सांगितलं. विसर्जनाची मिरवणूक डोळ्यांपुढे आण. ढोलपथक एका टोकाने शिस्तीत सरकत येतंय. ते पुढे येईल तशी समोरची गर्दी रेटली जाते, चौकाच्या कोपऱ्यात दाबली जाते, घामेजते. तिथल्या लोकांनी धीर धरला तर पथक पोचतं, सगळं रीतसर पार पडतं. धीर सुटला तर पथक यायच्या आतच कोपऱ्यात चेंगराचेंगरी. सिलिंडरमध्ये पथक म्हणजे प्लगपासून निघालेली ज्वाला, आणि कोपऱ्यातली गर्दी म्हणजे अजून न जळलेलं मिश्रण. दाब आणि उष्णता वाढून ते आपणच पेटलं की नॉक. धातूवर खिळे टाकल्यासारखा आवाज. ऑक्टेन म्हणजे त्या गर्दीचा धीर. त्याचा ताकदीशी थेट संबंध नाही.

ताकदीशी नाही याचा सोपा पुरावा इथेनॉल. त्याचा ऑक्टेन १०८ च्या आसपास, पण किलोमागे ऊर्जा साधारण २७ मेगाज्यूल. पेट्रोलमध्ये ती ४३ च्या घरात. ऊर्जा कमी, धीर जास्त.

आकड्यांचाही घोळ होता. आपल्या पंपावर लिहितात तो रिसर्च ऑक्टेन नंबर. हा ठरवायला एकच सिलिंडर असलेलं, चालू असताना कॉम्प्रेशन बदलता येणारं एक खास इंजिन असतं. ते मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चालवून नमुन्याची तुलना आयसो-ऑक्टेन आणि हेप्टेनच्या मिश्रणाशी करतात. पहिल्याला १००, दुसऱ्याला शून्य. तेच इंजिन ९०० फेऱ्यांवर, मिश्रण बरंच तापवून चालवलं की येतो तो मोटर नंबर, आणि पंपावरच्या पेट्रोलचा तो कमीच येतो. अमेरिकेतल्या पंपावर या दोन्हींची सरासरी लिहितात. म्हणून तिकडचं ९३ म्हणजे आपल्या मापाने ९७-९८. भाचा तिकडच्या लोकांचे ‘९३ वर एवढं, १०० वर तेवढं’ हे हिशेब वाचून ते जसेच्या तसे कोथरूडला लावत होता. त्याच्या नव्या डब्यावर तीनही आकडे होते: रिसर्च १०९, मोटर १०१, सरासरी १०५. त्याने अर्थातच सर्वांत मोठा निवडला. पंपाशी तुलना करायला तोच बरोबर होता, पण ते त्याला माहीत नव्हतं.

आता टाकीतलं गणित. अर्धी भरलेली टाकी, त्यात साधारण २० लिटर साधं पेट्रोल. पूर्वी साध्या पेट्रोलची किमान पातळी ९१ होती. ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून ती ९५ च्या जवळ गेली आहे. त्यात हा १० लिटर १०९ ओतणार. ढोबळ सरासरी काढली तर ९९.७. म्हणजे समुद्रापलीकडून आणलेला डबा ओतून त्याला जे मिळणार, ते पंपावर नळीतून मिळतं. इंडियन ऑइलने एक्सपी १०० हे शंभर ऑक्टेनचं पेट्रोल १ डिसेंबर २०२० ला बाजारात आणलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणं होतं. दिल्लीत तेव्हा दर लिटरला १६० रुपये होता. महाग आहेच. पण डब्याच्या मानाने चहाचे पैसे.

तो गप्प झाला, पण पटलेलं नव्हतं. मग ठरलं, मोजू.

*

रस्त्यावर मोजायचं नाही ही माझी अट होती. तिसऱ्या गिअरमध्ये सहा हजार फेऱ्यांपर्यंत पाय दाबून ठेवला की गाडी शंभरच्या पार जाते, आणि बायपासवर रात्री अकरालाही ट्रकवाले, दूधवाले, चुकीच्या बाजूने येणारे दुचाकीवाले असतात. भोसरीकडच्या एका डायनोवर (गाडी रोलरवर जागच्या जागी पळवून ताकद मोजणारं यंत्र) अर्धा दिवस घेतला. एप्रिलचा शेवट, दुपार, बाहेर ३८ अंश. मुद्दाम दुपार. सकाळी साताला कुठलीही टर्बो गाडी शहाण्यासारखी वागते.

पद्धत साधी ठेवली. तीन इंधनं, प्रत्येकाच्या आधी टाकी रिकामी करून, लाइन धुऊन, ईसीयूला जुळवून घ्यायला वीस मिनिटं हलकं चालवून. मग लागोपाठ तीन ओढी, म्हणजे पाय पूर्ण दाबून तीन धावा, मधे फक्त दीड मिनिट. लॉगमध्ये हवेचं तापमान, बूस्ट, टायमिंग, प्रत्येक सिलिंडरचं नॉकमुळे मागे घेतलेलं टायमिंग आणि फ्युएल ट्रिम (ईसीयूने इंधनात केलेली कमीजास्ती).

साध्या पंपाच्या पेट्रोलवर पहिली ओढ १३१ पीएस, दुसरी १२६, तिसरी १२१. लॉग पाहिला तर गोष्ट स्पष्ट होती. मॅनिफोल्डमधली, म्हणजे सिलिंडरांत शिरणारी, हवा पहिल्या ओढीत ४९ अंश, तिसरीच्या शेवटी ७१. नॉक सेन्सरच्या सांगण्यावरून मागे घेतलेलं टायमिंग पहिल्या ओढीत जेमतेम दीड अंश, तिसरीत सहा, आणि सर्वांत जास्त मधल्या सिलिंडरला, कारण त्याला दोन्हीकडून शेजाऱ्यांची उष्णता. सेन्सर म्हणजे ब्लॉकवर बोल्टने आवळलेला एक पिझो स्फटिक. या आकाराच्या सिलिंडरमध्ये नॉकचा नाद साधारण ६ ते ८ किलोहर्ट्झचा, तेवढाच तो ऐकतो. ऐकला की ईसीयू त्या सिलिंडरची ठिणगी दोन-तीन अंश उशिरा पाडतो आणि मग हळूहळू परत पुढे सरकतो. म्हणून आधुनिक गाडीत नॉक बहुधा कानाला कळतच नाही. गाडी फक्त मवाळ होते. भाच्याचं ‘दम टाकतेय’ ते हे.

शंभर ऑक्टेनवर १३४, १३२, १२९. मागे घेतलेलं टायमिंग तिसऱ्या ओढीतही दीड अंशाच्या आत.

मग समारंभपूर्वक डबा उघडला. शुद्ध १०९, काही न मिसळता. १३४, १३३, १३०. मागे घेतलेलं टायमिंग शून्य, तिन्ही सिलिंडर, तिन्ही ओढी.

डायनोवर तीच गाडी, तेच इंधन, दहा मिनिटांनी पुन्हा चालवली तरी एक-दोन पीएस इकडेतिकडे होतात. त्यामुळे शंभर आणि एकशेनऊ यांत आम्हाला फरक सापडला नाही. साधं आणि शंभर यांत मात्र तो ठसठशीत सापडला, तिसऱ्या ओढीला आठ पीएस. म्हणजे भाचा खोटं बोलत नव्हता. शिशाचं पेट्रोल मिसळल्यावर गाडी खरोखर बरी चालली असणार, कारण मिश्रण ९७ च्या पुढे गेलं होतं, आणि मॅपच मुळी ९७ साठी लिहिलेला होता. वर्षभर तो ९५ भरून ९७ चा मॅप चालवत होता. बारीक अक्षरातली ओळ.

एकशेनऊने जास्त का दिलं नाही हा त्याचा प्रश्न रास्त होता, आणि उत्तर मॅपमध्ये आहे. ईसीयूला टाकीत काय आहे ते कळत नाही. त्याच्याकडे एक तक्ता असतो: इतक्या फेऱ्या, इतकी हवा, तर इतकं टायमिंग. नॉक झालं तर त्यातून वजाबाकी. वजाबाकी शून्य झाली की तक्त्यातला आकडा पुरा मिळाला, खेळ संपला. तक्त्याच्या वर तो आपणहून जात नाही. शिवाय टॉर्कला वेगळी कमाल मर्यादा घातलेली असते, क्लच आणि गिअरबॉक्सच्या काळजीने. त्या मर्यादेला गाडी टेकली की कोपऱ्यातली गर्दी कितीही धीराची असो, पथक पुढे सरकत नाही.

एक गोष्ट मलाही आधी सुचली नव्हती. असल्या बिनशिशाच्या रेस फ्युएलमध्ये ऑक्सिजनयुक्त घटक भरपूर असतात, म्हणून मिश्रण विरळ होतं आणि इंजेक्टरना जास्त इंधन द्यावं लागतं. मला वाटलं होतं ट्रिम दणकन वर जाईल. गेलाच नाही, दोन-अडीच टक्के हलला. मग लक्षात आलं की आपलं ई-२० सुद्धा वजनाने सुमारे ७ टक्के ऑक्सिजन घेऊन येतं. ईसीयूने ते आधीच अंगवळणी पाडलं होतं. पाच वर्षांपूर्वी हाच प्रयोग केला असता तर आकडे वेगळे दिसले असते.

आणि १०९ वरही तिसऱ्या ओढीला चार पीएस गेलेच. नॉक शून्य असताना? कारण गरम हवा विरळ असते, आणि हवा ठरावीक अंशांपेक्षा तापली की ईसीयू नॉकची वाट न बघता, आधीच, टायमिंग आणि बूस्ट कापतो. ही आगाऊ कपात कुठलंही पेट्रोल परत देऊ शकत नाही. लॉगमधली ती ओळ दाखवल्यावर भाचा पहिल्यांदा इंधन सोडून हवेकडे बघायला लागला.

*

हवेची गोष्ट पुण्यात जरा अधिकच महत्त्वाची आहे. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर. इथल्या हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-साडेसहा टक्क्यांनी कमी. बिनटर्बोच्या इंजिनाला त्यामुळे नॉकच्या बाबतीत उलट थोडा आराम मिळतो, सिलिंडरमध्ये हवाच कमी जाते. टर्बोला तो मिळत नाही. मॅपमध्ये लिहिलंय की मॅनिफोल्डमध्ये निरपेक्ष दोन बार हवेत, तर दोन बार भरेपर्यंत टर्बो जास्त फिरणार. जास्त दाबलेली हवा जास्त तापणार. ३८ अंशांची हवा इथे दोन बारपर्यंत दाबायची तर, टर्बोची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली तरी, ती बाहेर पडते १४५ अंशांच्या आसपास. समुद्रकाठी तेच गणित १३५ वर थांबतं. ही सगळी उष्णता काढायची जबाबदारी बंपरामागच्या, जाड वहीएवढ्या इंटरकूलरची.

गाडी डायनोवरून उतरवून तो मी काढायला सांगितला. बंपर काढल्यावर फिटर हसायलाच लागला. पंखांमध्ये ताम्हिणीचा गेल्या पावसाळ्यातला लाल चिखल, वाळून विटेसारखा झालेला, त्यात किडे, आणि खालचा चतुर्थांश भाग दगड लागून चेपलेला. त्यातून हवा जाणार कुठून? वर तो ‘मोकळा’ एअर फिल्टर, ज्याने मूळचा बंद डबा काढून टाकून बॉनेटखालची, रेडिएटरवरून आलेली गरम हवा ओढायची सोय करून ठेवलेली. आवाज मात्र झकास यायचा. तो फिल्टर काढून मूळचा डबा परत लावा असं म्हटल्यावर भाच्याचा चेहरा कॅटच्या बिलापेक्षा जास्त पडला.

शेवटी केलं ते असं. मूळचा एअर बॉक्स परत आला. इंटरकूलर धुवून बघितला, पण चेपलेला भाग सरळ होईना, म्हणून त्याच जागेत बसणारा, दुप्पट जाडीचा घेतला. रेस फ्युएलच्या त्या एका डब्याला जे मोजले होते त्यात तो आला, वर कूलंटचे पैसे सुटले. प्लगची फट ०.९ मिलिमीटर निघाली होती, ती ०.७ वर आणली. ट्यूनरकडून मॅपची ९५ साठीची आवृत्ती मागितली. त्याच्याकडे ती होती! तीन-चार पीएस कमी दिसतात म्हणून कुणी मागत नाही, म्हणाला.

मे महिन्यात, तोच डायनो, दुपार, ३९ अंश, साधं पेट्रोल: १३०, १२९, १२८. मॅनिफोल्डची हवा तिसऱ्या ओढीअखेर ५४. नॉकमुळे मागे घेतलेलं टायमिंग कुठेच दीड अंशाच्या वर नाही. म्हणजे साध्या पेट्रोलवर पहिल्या ओढीचा आकडा एकने घटला आणि तिसऱ्या ओढीचा सातने वाढला. कात्रजच्या नव्या बोगद्याच्या चढावर, सिग्नलला दहा मिनिटं तापून निघालेल्या गाडीला तिसऱ्या ओढीचा आकडाच लागू पडतो. पहिल्या ओढीचा आकडा मित्रांना सांगायला बरा.

एक पुस्ती. लॉगमध्ये मला आणखी एक सवय दिसली. सहाव्या गिअरमध्ये दीड हजार फेऱ्यांवर पाय पूर्ण दाबायचा. लहान, थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत अशा वेळी ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो, ऑइलचे थेंब त्याला कारण होतात, आणि तो एकच दणका पिस्टन फोडू शकतो. त्यावर ऑक्टेन फारसा उपयोगी नाही. योग्य ग्रेडचं ऑइल, एपीआय एसपी लिहिलेलं, आणि गिअर खाली घेणं, एवढंच. हे मी त्याला तीनदा सांगितलंय. लॉग परत बघेन तेव्हा कळेल.

रेस फ्युएल निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. मोठा टर्बो, दीड बारच्या वर बूस्ट, आणि त्याच इंधनावर डायनोला बसून लिहिलेला मॅप असेल, तर १०९ चा प्रत्येक आकडा कामाला येतो. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैल पळणाऱ्या कित्येक गाड्यांना ते लागतंच. पण त्या गाड्या ट्रेलरवरून येतात, ट्रेलरवरून जातात. हिंजवडीच्या वाहनतळात दिवसभर उभ्या राहत नाहीत. भाच्याला तिथे एकदा भाग घ्यायचाय. मी म्हटलं, जाताना पंपावरून शंभर भर, ९७ चा मॅप टाक, परत आलास की ९५ चा. त्याने मान हलवली. मान तो नेहमीच हलवतो.

एकशेनऊचे सहा लिटर उरले होते. ते चोवीस लिटर साध्या पेट्रोलमध्ये ओतून टाकले, म्हणजे साधारण ९८, आणि गाडी आठवडाभर हिंजवडीला गेली आणि आली. निळे डबे तीन. ताईला त्यांतला एक पुदिना लावायला हवा होता. "इतका मजबूत पत्रा आहे, फेकायचा कशाला?" तिला शिशाचं सांगितलं तर म्हणाली, "मग दोन महिने माझ्या स्वयंपाकघराशेजारी होता तो?" भाचा तेवढ्यात खाली गाडी बघून येतो म्हणाला. डबे सध्या माझ्या गॅरेजच्या कोपऱ्यात आहेत, झाकणं घट्ट आवळून, वर मार्करने कवटी काढून. भंगारवाला दोनदा विचारून गेला. त्याला दिले तर तो ते कापणार, आणि गरम पत्र्यातून निघालेला धूर त्याच्याच छातीत जाणार, म्हणून अजून दिलेले नाहीत.